कोरडा दिवस

स्मितानं किल्ली हातात ठेवली तेव्हाच माझ्या मनात काळंबेरं होतं असं नाही. ते आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्या कमळाच्या टबात वाकून पाहिलं तेव्हा. राग मात्र आधीचा. दीड महिना मी तो दाढेखाली धरून बसले होते.

सरळच सांगते. मी बेबी. जिंतूरकडच्या आमच्या गावात चौदा वर्षं आशाताई होते. बाळंतपणाला घेऊन जायचं, पोलिओचे डोस, गोळ्या वाटायच्या, अन् दर गुरुवारी घरोघर फिरून पाण्याची भांडी तपासायची. बॅटरी घेऊन रांजणात वाकायचं, हौदात वाकायचं, कूलरच्या टाकीत, गोठ्यामागच्या टायरात. अळ्या दिसल्या की भांडं ओतायचं, घासायचं, उन्हात पालथं घालायचं. बाया शिव्या द्यायच्या. टँकरचं पाणी, एकेक घागर भांडून आणलेली, अन् ही सटवी ओतून देती म्हणून. तरी मी ओतायचे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा गं मायांनो, नाहीतर ताप घरात येईल, असं सांगून सांगून घसा बसायचा.

मालक गेले अन् लेकानं, उज्ज्वलनं, मला सिंगापूरला आणलं. बुकित बातोकमध्ये दहाव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. उज्ज्वल चांगी बिझनेस पार्कात कंप्युटरचं काम करतो, पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला. जाताना दीड तास, येताना दीड तास. सून राणी वन-नॉर्थला एका लॅबमध्ये. अन् आमच्या डोक्यावर, अकराव्या मजल्यावर, पद्माकर, स्मिता अन् त्यांची दहा वर्षांची श्रिया. पुण्याची माणसं. पद्माकर उज्ज्वलचा साहेब. उज्ज्वलचा इथं काम करायचा पास नवा करायची वेळ आली की कंपनीत पहिला शब्द पद्माकरचा. म्हणून लिफ्टमध्ये पद्माकर दिसला की उज्ज्वल आपोआप बाजूला सरकतो. मी ते बघते अन् न बघितल्यासारखं करते.

जूनमध्ये आमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी लाल बॅनर लागला. लाल म्हणजे या वस्तीत दहाच्या वर माणसं डेंग्यूनं पडली. आठ दिवसांनी राणीला ताप भरला. चौथा महिना चालू होता तिला. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली, हाडं कुणीतरी पिळतंय म्हणाली. मी ओळखलं. हॉस्पिटलात नेलं. सहाव्या दिवशी संडासातून तिनं "आई" म्हणून हाक मारली, मी धावले, तोवर सगळं संपलं होतं. चौदा वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केली मी. माझ्या घरचं ते माझ्याच हातानं टॉवेलात गुंडाळून नर्सला दिलं.

डॉक्टर म्हणाला, तापामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. मला येत होतं.

राणी हॉस्पिटलात असतानाच सरकारी तपासणीवाले ब्लॉकमध्ये फिरले. आमच्या घरात दोन पिंपं भरलेली असतात. इथं नळाला चोवीस तास पाणी, कबूल. पण रिकामं पिंप मला बघवत नाही. मात्र त्यावर दुहेरी कापड, कापडावर दोरी, अन् दर गुरुवारी पिंप कोरडं. डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय बाई आली, बॅटरी मारून दोन्ही पिंपांत बघितलं अन् मला अंगठा दाखवून वर गेली. अर्ध्या तासानं उतरली तेव्हा मी जिन्यात उभी होते. तिच्या हातात बोटाएवढी नळी होती. नळीत चार अळ्या वळवळत होत्या.

मी घरी सांगितलं. उज्ज्वल म्हणाला, "आई, तुला काय दिसलं अन् काय नाही. कुठं बोलू नको. साहेब आहेत ते."

जुलैत श्रियाचा वाढदिवस झाला. आठ-दहा मराठी बाया जमल्या. राणीला मीच नेलं, चार माणसांत बसली तर बरं वाटेल म्हणून. बाया सोफ्यावर अन् मी स्वयंपाकघरात. कशी गेले ते मलाच कळलं नाही. "मावशी, जरा काकडी चोचवून देता?" असं स्मिता म्हणाली अन् मी उठले. पुण्यात मावशी कुणाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. भांडी घासायला येते तिला. दुसऱ्या बायांच्या सासवा आल्या होत्या, त्या सगळ्या काकू.

काकडी चोचवताना ऐकू आलं. कुणीतरी राणीची चौकशी केली होती. स्मिता म्हणाली, "अगं, खाली ते लोक पिंपं भरून ठेवतात ना. गावाकडची सवय, त्या मावशी काही ऐकत नाहीत. मग होतो डेंग्यू. त्रास सगळ्या ब्लॉकला."

ते लोक! चोर तो चोर अन् वर शिरजोर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाहेर जाऊन नळीचं सांगावं असं वाटलं, पण समोर पद्माकर केकचा डबा घेऊन उभा, अन् शेजारी उज्ज्वल त्याच्यासाठी मेणबत्त्या मोजत होता. मी मूग गिळले.

घरी आल्यावर राणी पलंगाच्या कडेला बसली. हळूच म्हणाली, "आई, खरंच आपल्या पिंपातले असतील का हो?"

"नाही गं बाई. मी रोज बघते."

"रोज बघता, तरी एखाद दिवशी राहिलं असेल."

त्या दिवसापासून ती माझ्याशी गोड बोलायची. पहिल्यापेक्षा जास्त गोड. पण पिंपाजवळून जाताना अंग चोरायची. आपली सासूच आपल्या लेकराला खाऊन बसली, असं सुनेच्या मनात असेल तर त्या घरात घास कसा उतरायचा? माझं वजन उतरलं. मी ठरवलं, खरं काय ते हिच्यासमोर आणायचं, सरकारच्या तोंडून आणायचं, अन् त्या स्मिताची मान सगळ्या बायांत खाली गेली पाहिजे. कसं ते माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये स्मिता किल्ली घेऊन आली.

"मावशी, माझ्या भावाचं लग्न आहे, आम्ही सोळा दिवस पुण्याला चाललोय. झाडांना पाणी घालाल ना? तुम्हाला तसं दिवसभर काय काम असतं?"

माझ्या आधी उज्ज्वल बोलला, "घालेल ना. आई घालेल."

श्रिया आईच्या मागून डोकावत होती. तेवढी पोरगी गुणाची. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर ठेवून सरळ आमच्या दारात. "आजी, सो हंग्री लाह!" असं इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणायची अन् दही-धपाटं खाऊन वर पळायची. वरच्या घरात मला आजी म्हणणारी ती एकटी. तिनं मला गळामिठी मारली, अन् ते लोक विमानतळावर गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला वर गेले. उकाडा असा की जिना चढेस्तोवर पाठ ओली. हॉलमधल्या झाडांना पाणी घातलं. मग स्वयंपाकघरामागच्या कपडे धुवायच्या जागेत गेले. तिथं निळा टब, त्यात कमळाची चार पानं. आधी त्यात मासे होते. श्रियानं सांगितलं होतं मला, मेले म्हणून. अळ्या खाणारे मासे मेले की टबाचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. मी वाकले. माझी सावली पाण्यावर पडली अन् कडेला लटकलेल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. शे-दीडशे तरी असतील.

हात टबाच्या काठावर गेला. चौदा वर्षांची सवय. हात आधी जातो, डोकं मागून येतं. टब जरा कलला, पाण्याचा ओघळ मोरीपर्यंत गेला. अन् मी तो परत सरळ केला.

तपासणीच्या बाईला अळ्या मिळाल्या होत्या जूनमध्ये, ते यांनी दडवलं. आता मिळू दे ना परत. यावेळी मी दार उघडते. यावेळी राणी बघेल.

मी खाली जाऊन दोन तांबे पाणी आणलं अन् टबात सांडलं होतं तेवढं भरलं. त्यांच्याच नळाचं का नाही घेतलं? माहीत नाही. माझ्या पिंपातलं घेतलं.

सोमवारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, स्वयंसेवक टेबल मांडून बसले होते. डास पळवायच्या मलमाच्या बाटल्या वाटत होते. त्यात एक म्हातारा पंजाबी होता. त्याला मी हिंदीत म्हणलं, "भाईसाब, ग्यारहवें माले पे पानी जमा है. कीड़े हैं उसमें. किसी को भेजो." त्यानं मजला अन् दार लिहून घेतलं. म्हणाला, "बहोत अच्छा किया बहनजी. हफ्तेभर में आएँगे."

हफ्तेभर. अळीचा कोष व्हायला पाच दिवस, कोषातून डास उडायला दोन. मला हिशोब पाठ होता.

मंगळवारी, बुधवारी मी वर जाऊन बसत होते. खोटं सांगत नाही, बसत होते. गुडघे दुखतात म्हणून स्टूल ओढून घ्यायचे अन् टबाजवळ बसायचे. गावाकडं म्हशीजवळ बसावं तसं. पाणी उतरलं की घालायचं. बुधवारी मला वाटलं अळ्या सुकल्यात, तर पोळीचा चुरा बारीक करून टाकला. त्या चुऱ्याभोवती गोळा झाल्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, खा गं बायांनो, मोठ्या व्हा, तुमच्या मालकिणीला दाखवायचंय तुम्हाला.

रोज सकाळी बुद्धांपुढं मेणबत्ती लावून मी पंचशील म्हणते. पाणातिपाता वेरमणी. जिवाची हत्या करणार नाही. त्या आठवड्यात ते म्हणताना जीभ अडखळली नाही माझी. मी कुठं कुणाला मारत होते? मी तर जगवत होते. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतं.

गुरुवारी राणीनं रजा काढून मला गुडघ्यांसाठी दवाखान्यात नेलं. परत आलो तर अकराव्या मजल्याच्या दाराला कागद खोचलेला. राणीनं वाचून दाखवला. तपासणीला आलो होतो, घर बंद होतं, पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ.

"पुढच्या म्हणजे परवा का?"

"नाही आई, त्याच्या पुढच्या. नऊ दिवसांनी."

मी किल्ली घेऊन एकटी वर गेले. टबात निम्म्या अळ्यांचे कोष झाले होते, वाकडे, कुबड आलेले. कोष खात नाही. नुसता वाट बघतो. शनिवार-रविवारी हे उडणार. नऊ दिवस म्हणजे दुसरी वीण होणार.

इथं मला थांबता आलं असतं. एक मिनिटाचं काम. टब मोरीत पालथा, काथ्यानं कड घासली की झालं. तो दिवस गुरुवारच होता. आमच्या पिंपांचा कोरडा दिवस. मी खाली येऊन आमची दोन्ही पिंपं घासली, पुसली, उन्हात पालथी घातली. वरचा टब तसाच ठेवला. टब रिकामा केला तर तपासणीला काय दाखवणार? नुसतं घर बंद आहे, खिडक्या लावल्यात, जातील कुठं, असं म्हणलं मी. अन् श्रिया तर पुण्यात होती.

रविवारी सकाळी दार उघडलं तर स्वयंपाकघरात तीन-चार भिंतीवर बसलेले. काळे, पायांवर पांढरे पट्टे. एक माझ्या मनगटावर बसला. मी चापट उगारली अन् मारलीच नाही. फुंकर घातली. उडाला, अन् न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या फटीतून बाहेर गेला. तेवढी फट मी धरलीच नव्हती. त्या दिवशी खाली बॅनरवर आकडा वाढलेला होता. आमच्या ब्लॉकमधला आठव्या मजल्यावरचा चिनी म्हातारा तापानं पडला होता. डासाला पत्ता नसतो, बायांनो, तो आजाऱ्याला चावतो अन् मग चांगल्याला, हे मी किती चावड्यांवर ओरडून सांगितलं होतं. मला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी दार लावून घेतलं अन् खाली आले.

शनिवार आला. तीच मलय बाई. मी वरचं दार उघडलं, अन् खाली हाक मारली, "राणी, ये गं वर. ही बाई काय म्हणती ते मला कळत नाही."

सगळं कळत होतं मला. बाई टबाजवळ उकिडवी बसली. लांब नळीनं पाणी ओढलं, पांढऱ्या थाळीत सोडलं, बॅटरी मारली. थाळीभर अळ्या. राणी भिंतीला टेकून उभी होती. बाई तिच्याशी इंग्रजीत बोलली. राणीनं काहीतरी विचारलं. बाईनं मोबाईलमध्ये बघून मान हलवली.

"काय म्हणाली?"

राणीच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. "म्हणाली, या घरात दुसऱ्यांदा सापडतंय. जूनमध्ये पण सापडलं होतं."

"मी सांगत नव्हते?"

राणी तिथंच, स्मिताच्या स्वयंपाकघरात, खाली बसली अन् माझ्या कमरेला मिठी मारून रडली. "मी तुमच्यावर संशय घेतला आई. मी रोज त्या पिंपांकडे बघायचे." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. थाळीतल्या अळ्या माझ्या समोर वळवळत होत्या. लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. छाती भरून आली होती माझी. त्या दुपारी राणी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली; भाजी परत मागून घेतली तिनं.

बाईनं मला खुणेनं विचारलं, तू इथं राहतेस का? मी झारी दाखवली. झाडांना पाणी घालते फक्त. बाईनंच मग टब ओतला, औषध टाकलं, कागदावर मालकाचं नाव लिहून घेतलं.

दोन दिवसांनी ते लोक परत आले. सरकारचा कागद त्यांच्या आधीच पेटीत पडलेला. दंड झाला, अन् दुसऱ्यांदा म्हणून ताकीद. बातमी कशी पसरली म्हणता? मीच पसरवली. खाली बाकावर दोन मराठी बाया बसतात, त्यांच्याशी मी सहज बोलले. दिवेलागणीला बायांच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत. पुढच्या आठवड्यातलं भजन स्मिताच्या घरी होतं, ते कुणीतरी आपल्या घरी घेतलं.

लिफ्टपाशी स्मिता भेटली. डोळे सुजलेले. "मावशी, अहो तुम्ही रोज जात होता. तुम्हाला दिसलं नाही का टबात?"

"मला काय कळतंय ताई," मी म्हणलं. "गावाकडची बाई मी."

तिला लागलं. लागलेलं मी डोळे भरून पाहिलं. लिफ्ट आली तर मीच आत जाऊन दाराचं बटण धरलं, या ना ताई म्हणून. ती आली नाही.

उज्ज्वल चिडला माझ्यावर. पद्माकर ऑफिसात बोलेना झाला होता. मी म्हणलं, नोकरी गेली तर जाऊ दे, शेत आहे गावाकडं. तो म्हणाला, "आई, तुला झालंय काय?" श्रिया तेवढी येत राहिली. पुण्याहून माझ्यासाठी बाकरवडीचा पुडा आणला होता. तिच्या पोटऱ्यांवर चावे होते, लाल, खाजवलेले. मी खोबरेल तेल लावलं. "आजी, अवर हाऊस गॉट सो मेनी मॉस्किटोज," म्हणाली. "मम्मी स्प्रे करते, तरी बेडच्या खाली असतात."

मी तेलाची बाटली बंद केली. तिला म्हणलं, पायजमा घालून झोपत जा गं. दुसरं काय म्हणणार होते?

ते परतल्यापासून दहाव्या दिवशी श्रिया शाळेतून आली नाही. मी दार उघडं ठेवलं, धपाटं झाकून ठेवलं. अकराव्या दिवशी बी आली नाही. मग मी वर गेले. किती दिवसांनी बेल वाजवली असेल.

दार पद्माकरनं उघडलं. "व्हायरल आहे. डॉक्टरला दाखवलंय."

मी त्याला बाजूला सारून आत गेले. पोरगी पलंगावर भट्टीसारखी. डोळे उघडवत नव्हते. हात धरला तर कोपराच्या खाली बारीक लाल टिपके.

"काय देताय तापाला?"

स्मितानं बाटली दाखवली. ब्रुफेनचं औषध.

"ते बंद करा. आत्ताच्या आत्ता. रक्त वाहायला लागेल तिचं. साधं पॅरासिटामॉल द्या, पाणी द्या, अन् रक्त तपासायला न्या."

"अहो, फक्त ताप आहे," पद्माकर म्हणाला. "डॉक्टर आहेत ना इथे."

"नेऊ उद्या," स्मिता म्हणाली.

तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी स्मिताच खाली आली, हसत. "मावशी, उतरला बघा ताप! अंग एकदम गार लागतंय."

माझ्या हातातलं पीठ परातीतच राहिलं. डेंग्यूचा ताप उतरला की तो गेला असं नसतं. तिथूनच मरण सुरू होतं कधी कधी. मी पिठाच्या हातानंच जिना चढले. श्रिया भिंतीकडं तोंड करून पडली होती. हातपाय गार, घामेजलेले. पोटाला हात लावला तर कण्हली. उशीवर नाकातलं रक्त.

"गाडी बोलवा!" मी ओरडले. "तुम्ही माणसं आहात का कोण! गाडी बोलवा!"

कुणाची वाट न बघता मी पोरगी खांद्यावर घेतली. गुडघे बोंबलले. लिफ्टपर्यंत मी अन् मागं राणी, ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. टॅक्सीत श्रियाचं डोकं माझ्या मांडीवर. ती म्हणाली, "आजी, ड्रामा करू नको लाह." अन् उलटी झाली, तपकिरी, चहाच्या गाळासारखी.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. प्लेटलेट चौदा हजार. अंगातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय, म्हणाले. दुपार झाली. बाहेर पाऊस कोसळत होता अन् आत एसीनं हाडं गारठत होती. पद्माकर रक्ताच्या कागदांवर सह्या करायला गेला. बाकावर आम्ही तिघी. राणीनं स्मिताचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ह्याच हॉस्पिटलात, ह्याच मजल्यावर राणी होती जूनमध्ये. आली नव्हती स्मिता तेव्हा. तरी राणीनं तिचा हात धरला होता, अन् अंगठ्यानं तिच्या मुठीवरून फिरवत होती.

स्मिता म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. माझा टब. जूनमध्ये सापडलं तेव्हा त्या बाईने बजावलं होतं, मासे सोडा नाहीतर टब काढा. मी काढला नाही. आणि सगळ्यांना सांगत सुटले की तुमची पिंपं..." तिनं राणीकडं बघितलं. "मी माझ्या हाताने माझ्या पोरीला..."

ऐकलं मी. दोन महिने जे ऐकायला जीव टाकत होते ते शब्द. ती म्हणाली, राणीच्या समोर म्हणाली. गप्प बसायचं होतं फक्त. जन्मभर ती स्वतःला खात राहिली असती अन् माझं देणं फिटलं असतं.

राणी म्हणाली, "असं नका लावून घेऊ. मी पण लावून घेतलं होतं."

स्मितानं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही आशाताई होता ना गावी? मला सांगा. आल्या दिवशी सगळं घासलं, फवारलं मी. तपासणीवाल्यांनी ओतला होता टब. मग इतके डास कुठून आले हो?"

चौदा वर्षं हा प्रश्न मला बायांनी विचारला होता. तापलेलं लेकरू काखेत घेऊन विचारायच्या. मी कधी कुणाला खोटं सांगितलं नाही. तुझ्या रांजणातले, म्हणायचे. तुझ्या टायरातले.

"जूनमधले तुझे होते, स्मिता," मी म्हणलं. पहिल्यांदाच अगंतुगं केलं तिला. "हे माझे आहेत."

"म्हणजे?"

"तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अळ्या बघितल्या. ओतल्या नाहीत. पाणी घालत राहिले. पोळीचा चुरा घातला. उडाले तेबी बघितले. तुझी अब्रू जावी म्हणून पाळले मी."

राणीचा अंगठा थांबला. तिनं स्मिताचा हात सोडला नाही. माझ्याकडं बघत ती बाकावर हळूहळू पलीकडं सरकली, स्मिताला सोबत घेऊन, अन् मध्ये एका माणसाची जागा झाली.

"श्रिया तुम्हाला आजी म्हणते," राणी म्हणाली.

"हो."

"आणि हे माझ्यासाठी केलंत असं नका सांगू."

तेच सांगणार होते. नाही सांगितलं.

तेवढ्यात आतून नर्स आली. पोरगी जागी झालीय, म्हणाली, कुणालातरी बोलावतेय. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला, घसा कोरडा पडलेला, "आजी... आजी कुठेय?"

मी उठले. स्मिता माझ्या आधी उठली अन् दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. रडत नव्हती. श्रिया आतून हाका मारत होती. मी स्मिताला बाजूला हो म्हणलं नाही. तिथंच उभी राहिले, हाका थांबेपर्यंत.